सात वर्षांच्या मुलाला ड्रायव्हिंगचं मानसशास्त्र शिकवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, मुलगी तेरा वर्षांची. नवरा एरवी शांत, पण स्टिअरिंग हातात आलं की वेगळाच माणूस होतो. हॉर्न, हातवारे, तोंडाचा पट्टा. परवा मुलगा जमिनीवर खेळण्यातल्या गाड्या मांडून बसला होता आणि एक गाडी दुसरीवर आपटून म्हणाला, "डोळे फुटले का रे तुझे?" तेही अगदी बाबांच्या आवाजात. तेव्हापासून तुम्हाला वाटतंय की मुलांना आत्तापासूनच ड्रायव्हिंगचं मानसशास्त्र शिकवावं, स्वतःच्या भावना ओळखायला शिकवावं. हे या वयात जमेल का, कुठून सुरुवात करायची, एखादा कोर्स आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं गाडी शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक विशीच्या आतबाहेरचे असतात. काही मात्र लायसन्सवाले, चांगले मुरलेले, पण रस्त्यात सतत भांडणं होतात म्हणून घरच्यांनी ढकलून पाठवलेले. त्यामुळे मुलांबद्दल मला जे कळतं ते उलट्या टोकाकडून कळतं. लहानपणी गाडीत बसून जे कानावर पडलं ते मोठेपणी स्टिअरिंगमागे कसं बाहेर येतं, हे मी शेजारच्या सीटवरून रोज बघते. मी समुपदेशक नाही. जिथे त्यांचंच काम आहे तिथे तसं सांगेन.

आधी तुमचा प्रश्न जरा फिरवून घेते. "शिकवता येईल का" याचं उत्तर तुमच्या मुलाने त्या दोन गाड्या आपटून देऊन टाकलंय. तो शिकतोच आहे, आणि चांगलं शिकतोय. त्याने शब्द उचलले, आवाज उचलला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक निष्कर्ष उचलला: दोन गाड्या जवळ आल्या की समोरचा मूर्ख असतो आणि आपण ओरडायचं असतं. आपल्याला नवा विषय सुरू करायचा नाहीये, चालू असलेल्या विषयाचा मजकूर बदलायचाय. हे त्यामानाने सोपंही आहे आणि अवघडही. सोपं, कारण मुलांचं लक्ष आधीपासूनच आहे. अवघड, कारण बदल मोठ्यांच्या बाजूने व्हायला लागतो.

आता "ड्रायव्हिंगचं मानसशास्त्र" म्हणजे नेमकं काय, ते पाहू. फिनलंडमधल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात चालक प्रशिक्षणासाठी चार पायऱ्यांची एक मांडणी केली आणि पुढे युरोपात तिचा बराच आधार घेतला गेला. सगळ्यात खालची पायरी गाडी हाताळण्याची: क्लच, ब्रेक, गिअर. दुसरी रहदारीत वावरण्याची: अंतर, नियम, इतरांचा अंदाज. तिसरी या प्रवासाची: कुठे निघालोय, कोणाबरोबर, उशीर झालाय का, झोप झालीय का. चौथी आणि सगळ्यात वरची माणसाची स्वतःची: राग कसा हाताळतो, हरणं सहन होतं का, इतरांसमोर काहीतरी सिद्ध करायचं असतं का. या मांडणीचं म्हणणं असं की वरची पायरी खालच्या तिन्हींवर हुकमत गाजवते. ब्रेक उत्तम मारता येतो, पण तो मारायचा की समोरच्याला धडा शिकवायचा, हे वर ठरतं.

माझ्याकडे माणूस येतो तेव्हा मी खालच्या दोन पायऱ्या शिकवते, कारण त्याला परीक्षा पास व्हायचं असतं. तिसरीला थोडा हात लावते. चौथी घडून आलेली असते. म्हणून लहान वयात काही शिकवायचंच असेल तर ते या चौथ्या पायरीवरचं शिकवावं. स्टिअरिंग त्यात कुठेच येत नाही.

हे ठासून सांगायचं कारण म्हणजे पालकांचा कल नेमका उलटा असतो. "लवकर गाडी हातात दिली की लवकर सवय होते, मुलं सुरक्षित होतात," असं मला किती जण सांगतात! अनुभव वेगळा आहे. नॉर्वेमध्ये १९७९ मध्ये नव्या चालकांच्या प्रशिक्षणात निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचा सराव सक्तीचा केला. अपघात घटतील अशी अपेक्षा होती. तरुण पुरुषांमध्ये ते वाढलेले दिसले. पुढे स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगेर्सन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एकाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक मारून अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं, दुसऱ्याला हे कौशल्य ऐनवेळी किती दगा देतं ते अनुभवायला लावलं. प्रत्यक्ष कामगिरीत दोन्ही गट सारखेच निघाले. फरक एवढाच होता की पहिल्या गटाला आपण फार तयार आहोत असं वाटत होतं. हाताला कौशल्य आलं आणि मन कच्चं राहिलं, तर ते कौशल्य धाडस वाढवण्यात खर्च होतं.

मुलं मागच्या सीटवरून उचलतात हे नुसतं माझं निरीक्षण नाही. मोठ्यांना मारताना पाहिलेली मुलं तसंच मारतात, तेच शब्द वापरतात, हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला फुगवलेल्या बाहुलीच्या प्रयोगात दाखवलं होतं. ड्रायव्हिंगपुरतं बोलायचं तर इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठातल्या ओरित तौबमान-बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आई-वडील आणि त्यांची तरुण मुलं यांच्या चालवण्याच्या पद्धती ताडून पाहिल्या. त्यांत साम्य सापडलं. अर्थात साम्य म्हणजे विधिलिखित नव्हे. स्वभावही वारशाने येतो, रस्ते तेच असतात, घाईची कारणं तीच असतात. तापट बापाची मुलं अत्यंत शांत चालवतानाही मी पाहिली आहेत. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत घरात कोणीतरी, कधीतरी, "बाबांचं ते वागणं बरोबर नव्हतं" असं उघड म्हटलेलं असतं. मुलांना बिघडलेलं दिसलं तरी चालतं. ते बिघडलेलं आहे हे कोणी बोललंच नाही, तर तेच रीतसर वाटायला लागतं.

माझ्या गाडीत हे कसं दिसतं सांगते. विशीतली एखादी मुलगी, बोलायला मऊ, पहिल्या आठवड्यात "सॉरी" शिवाय तोंडातून शब्द नाही. चौकात गाडी बंद पडते. हिरवा दिवा लागलेला, मागून हॉर्न. आधी तिचे अंगठे स्टिअरिंगवर पांढरे पडतात. मग खांदे कानांकडे सरकतात. मग श्वास अडतो, आणि अडलेल्या श्वासात ती क्लच झटकन सोडते, म्हणून गाडी पुन्हा बंद पडते. दुसऱ्या हॉर्नला ती आरशात बघून जे बोलते, ते वाक्य तिचं नसतंच. त्याची चाल, त्यातला तुच्छपणा, सगळं मोठ्या माणसाचं असतं. बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकते. मी फक्त म्हणते, "आधी श्वास सोड, मग क्लच." गाडी निघते.

या प्रसंगाचा क्रम लक्षात ठेवा, कारण मुलांना शिकवायचं ते यातूनच निघतं. आधी शरीर, मग शब्द, मग चूक. शरीराची खूण पकडता आली तर पुढचं टळण्याची शक्यता असते. आणि शरीराची खूण ओळखायला लायसन्स लागत नाही, सात वर्षांच्या मुलालाही ते येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीत राग इतक्या लवकर का येतो. पायी चालताना कोणी धडकलं तर आपण तोंड बघतो, तो "अरेरे" म्हणतो, विषय संपतो. गाडीत तोंड दिसत नाही आणि माफी मागायची सोय नसते. काच, पत्रा आणि मागचा लाल दिवा एवढंच दिसतं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर छत उघडलेल्या गाड्यांचे चालक, छत बंद असलेल्यांपेक्षा हॉर्नच्या बाबतीत सौम्य आढळले. स्वतःचा चेहरा उघडा असला की माणूस जरा जपून वागतो. आणि आपला राग किती न्यायनिष्ठ असतो, तेही ऐका. अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस यांनी १९६८ मध्ये हिरवा दिवा लागल्यावर एक गाडी मुद्दाम हलवलीच नाही. गाडी जुनाट असली की मागचे लवकर आणि जास्त हॉर्न मारत. चकचकीत, महागडी असली की जरा दमाने घेत. म्हणजे चूक तीच, वेळ तीच, पण राग माणूस बघून. रागावलेल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते, कारण "मी फक्त चुकीवर चिडतो" हा त्यांचा भक्कम किल्ला असतो.

याच्या जोडीला आपल्या डोक्याची एक खोड असते. आपण ऐनवेळी लेन बदलली तर पाटी उशिरा दिसली म्हणून बदलली. दुसऱ्याने बदलली तर तो माजलाय म्हणून. आपलं कारण आपल्याला ठाऊक असतं, त्याचं नसतं, आणि ती मोकळी जागा आपण "त्याचा स्वभावच तसा" म्हणून भरतो. ही मोकळी जागा वेगळ्या तऱ्हेने भरायला शिकवणं, मुलांच्या बाबतीत माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा धडा आहे.

आता वयाप्रमाणे. मुलगा सात वर्षांचा आहे, तर एक गोष्ट आधी स्पष्ट करते. भावना ओळखायला शिकला म्हणून तो रस्त्यावर सुरक्षित झाला असं अजिबात समजू नका. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या जॉन वॅन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी जवळ येतेय हे खात्रीने ओळखता येत नाही. ही डोळ्यांच्या आणि मेंदूच्या वाढीची मर्यादा आहे, समजावून सांगून ती जात नाही. रस्ता ओलांडताना त्याचा हात धरायचाच.

त्याच्याशी करण्यासारखा खेळ म्हणजे "काय झालं असेल?" कोणी मध्ये घुसलं की गाडीतल्या प्रत्येकाने एकेक कारण सांगायचं. माझ्या ओळखीच्या एका घरात हा खेळ चालतो, तिथला संवाद साधारण असा होता. "त्याला शी लागली असेल." "मागच्या सीटवर मधमाशी शिरली असेल." "आजी आजारी असेल." "तो दुष्ट असेल." हसून झाल्यावर आई म्हणाली, "असेलही. चारांतलं खरं कुठलं ते कसं कळणार?" मुलगा म्हणाला, "नाही कळणार." बस. तिथेच थांबायचं. पुढे बोध काढायला गेलात की मूल खेळ सोडून देतं.

यात एक काळजी घ्या. सात वर्षांच्या मुलाला न्यायाची चाड फार असते. "त्याची आजी आजारी असेल, म्हणून त्याचं चालतं" असं त्याला वाटता कामा नये, आणि तसं नसतंही. सिग्नल तोडला तर ती चूकच. मी शिकाऊंना सांगते की दोन प्रश्न वेगळे ठेवा: तो चुकला का, आणि मी आता काय करू? पहिल्याचं उत्तर "हो" असलं तरी दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "वेग कमी करू आणि अंतर वाढवू" हेच राहतं. मुलांना ही फोड लवकर कळते. मोठ्यांना फार वेळ लागतो.

शरीराच्या खुणांसाठी वेगळा तास घेऊ नका. तो सायकलवरून पडतो, खेळात हरतो, बूट सापडत नाही म्हणून रडतो, तेव्हा विचारा, "राग कुठे आलाय? पोटात? हातात? गालात?" मुलं मजेशीर आणि अचूक सांगतात. भावनेला नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलंय. मात्र नाव त्याने द्यायचं. "तू चिडलायस, मान्य कर," असं आपण म्हटलं की तो दुप्पट चिडतो.

आणि त्या खेळण्यातल्या गाड्या. त्याला ओरडू नका, गाड्या काढूनही घेऊ नका. शेजारी बसा, दुसरी गाडी हातात घ्या आणि तिला बोलतं करा: "अरे बापरे, मला दिसलंच नाही, लागलं का?" बघा तो काय करतो. काही मुलं पुन्हा आपटतात, काही थबकतात, काही म्हणतात "ठीक आहे, जा." काहीही केलं तरी आता त्याच्याकडे दुसरा संवाद आहे. शिव्या बंद करण्यापेक्षा दुसरं वाक्य पुरवणं जास्त उपयोगी पडतं, हे मी मोठ्यांच्या बाबतीतही पाहिलंय.

मुलीचं वेगळं आहे. तेराव्या वर्षी "काय झालं असेल" खेळायला सांगितलंत तर ती डोळे फिरवेल. या वयात मोठ्यांच्या बोलण्यातली आणि वागण्यातली फट फार स्वच्छ दिसते. तिला उपदेश नको असतो, पुरावा चालतो. म्हणून तिला गणित घालून द्या. दहा किलोमीटर अंतर ताशी ६० ने गेलं तर दहा मिनिटं, ताशी ७० ने गेलं तर साधारण साडेआठ. म्हणजे वाचलं दीड मिनिट, तेही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. आणि ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे या दहाच्या फरकाला ते एक तृतीयांशाहून जास्त वाढतं. हे तिला स्वतः काढू द्या. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर, हेही. मोबाइलकडे दोन सेकंद बघणं म्हणजे किती, हे मग सांगावं लागत नाही.

तिच्यासाठी आत्ताच महत्त्वाची असलेली गोष्ट म्हणजे सोबत्याची भूमिका. स्वतः चालवायला अजून अवकाश आहे, पण दुसऱ्याच्या गाडीत ती लवकरच बसेल. मैत्रिणीचा भाऊ, मित्र, कोणीही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला, कधी एकटं, कधी मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरवयीनांनी बराच जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणजे चालवणाऱ्याचं डोकं निम्मं शेजारी बसलेल्यांच्या हातात असतं. शेजारची हसली, "भारी!" म्हणाली की वेग वाढतो. "मला मळमळतंय, हळू घे," एवढं म्हटलं की बहुतेक वेळा कमी होतो. मळमळीचं कारण मी मुद्दाम सुचवते, कारण त्यात चालवणाऱ्याचा अपमान होत नाही. खरं बोलायची हिंमत असेल तर उत्तमच, पण तेरा-चौदाव्या वर्षी सुटकेसाठी एखादं सोपं वाक्य तयार असलेलं बरं. ते वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. मनात ठरवलेलं वाक्य ऐनवेळी तोंडातून फुटत नाही. आणि काही झालं तरी, कुठूनही, कितीही वाजता फोन कर, घ्यायला येऊ, आणि त्या रात्री प्रश्न विचारणार नाही, हा शब्द द्या. दिलात तर पाळा.

ती सायकल चालवत असेल तर तिच्याकडे स्वतःची प्रयोगशाळाच आहे. हवाई विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे लिऑन जेम्स चालकांना गाडी चालवताना मनात येईल ते मोठ्याने बोलून टेपवर घ्यायला सांगत. ड्रायव्हिंगचं शिक्षण बालवाडीपासून सुरू व्हावं असा आग्रह धरणाऱ्यांपैकी ते एक. टेपवर स्वतःचं ऐकून लोक चकित होत, कारण आपण इतके चिडतो हे त्यांना माहीतच नसे. मुलीने सायकलवर रेकॉर्डर लावायची गरज नाही. घरी आल्यावर एका ओळीत लिहिलं तरी पुरे: आज कुठे संताप आला, त्याच्या आधी काय चाललं होतं. लिहिलेलं तुम्ही वाचायचं नाही. मनातून नको असेल तर तेही सोडून द्या; या वयात जबरदस्तीने करवलेलं आत्मपरीक्षण म्हणजे गृहपाठ.

काही गोष्टी टाळा. मुलांना बाबांवर पहारेकरी नेमू नका. "बाबा ओरडले की मला सांग," किंवा शिवीमागे दंडाचा डबा, हे वरवर गमतीचं वाटतं, पण चालवणाऱ्याच्या मागे बसून त्याला टोचत राहणं धोक्याचं आहे आणि बाप-लेकरांतही वितुष्ट आणतं. रस्त्यावरच्या मारामारीचे व्हिडिओ "बघ, असं होतं" म्हणून दाखवू नका. मुलं त्यात कोण जिंकलं ते बघतात. आणि "राग मनात ठेवू नको, ओरडून मोकळा हो" हा सल्ला तर कोणालाच देऊ नका. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात चिडवलेल्या माणसाचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणारे लोक शेवटी जास्त चिडलेले निघाले. काहीच न करता शांत बसलेल्यांचा राग कमी होता. गाडीतल्या शिव्यांचंही तेच. वाफ निघून जात नाही, जाळ वाढतो.

आता नवऱ्याबद्दल, कारण तिथे हात घातल्याशिवाय बाकीचं पोकळ राहील. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे. तो फक्त काचा बंद करून आत बडबडत असेल तर एक गोष्ट. तो दुसऱ्याच्या मागे लागत असेल, पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक मारत असेल, खाली उतरून भांडत असेल, तर ती पूर्णपणे वेगळी. दुसऱ्या प्रकारात मुलांना त्याच्या गाडीत बसवू नका, तुम्ही चालवा किंवा दुसरी सोय बघा, आणि त्याला समुपदेशकाकडे न्या. तिथे शिकवणीचा प्रश्नच उरत नाही. तो घरात शांत असतो असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून पहिला प्रकार असावा असं धरून पुढचं सांगते.

बोलणं गाडीत नको, मुलांदेखत नको, आणि ज्या दिवशी प्रसंग घडला त्या संध्याकाळी तर नकोच. "तू फार तापट आहेस" हे वाक्य गिळून टाका. खेळण्यातल्या गाड्यांचा प्रसंग जसा घडला तसा सांगा आणि गप्प बसा. माझ्याकडे आलेल्या बापांपैकी बऱ्याच जणांना बायकोच्या तक्रारीने, अगदी दंडानेही काही झालं नव्हतं. मुलाच्या तोंडून स्वतःचा आवाज ऐकल्यावर ते आले. त्याच्याबरोबर दोनेक आठवडे एवढंच बघा की भडका कधी उडतो. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा कारण रस्त्यात नसतं. निघायला उशीर झालेला असतो, कामाचा फोन नुकताच संपलेला असतो, झोप अपुरी असते. म्हणजे तिसरी पायरी. तिथे दहा मिनिटं लवकर निघणं हे सगळ्या श्वसनाच्या व्यायामांपेक्षा भारी पडतं. तरी उरलेला राग असतोच. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले जेरी डेफेनबाकर यांनी संतापी चालकांवर बरंच काम केलंय, आणि अंग सैल सोडण्याचा सराव व विचारांची उलटतपासणी या जोडीने गाडीतला राग कमी होतो असं त्यांना आढळलं. मीही तेच दोन करून घेते, फार साध्या रूपात: लाल दिव्याला खांदे खाली, आणि "तो मुद्दाम करतोय" याऐवजी "तो करतोय".

त्याने एकदम मूक व्हावं अशी अपेक्षा धरू नका. आवळलेला जबडा मुलांना मागूनही कळतो. त्यापेक्षा त्याने बोलावं, पण वेगळं: "मला राग आलाय. थोडा मागे राहतो." आणि तरीही तोंड सुटलंच, तर घरी पोचल्यावर दोन वाक्यं: "मघाशी मी ओरडलो. तो चुकला होता, पण ओरडताना माझं पुढच्या गाडीवरचं लक्ष उडालं." मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आर्जवं करायची नाहीत, लांबण लावायची नाही. राग येतो, तो वेडंवाकडं करायला लावतो, आणि नंतर माणूस ते मान्य करून पुढे जाऊ शकतो, हा संपूर्ण क्रम मुलाला बघायला मिळणं याहून चांगला पाठ मला माहीत नाही. कधीच न चिडणाऱ्या बापाच्या मुलालाही तो मिळत नाही.

परिणाम दिसायला वेळ लागेल, आणि तो गाडीत आधी दिसेल असंही नाही. मुलगा एखाद दिवशी खेळात हरल्यावर फासे न फेकता उठून पाणी प्यायला गेला, तर समजा काहीतरी पोचतंय. उलट तो घरात, शाळेतही सतत भडकत असेल, मारत असेल, गाडीत बसायला घाबरत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. ते गाडीपुरतं राहिलेलं नाही.

कोर्सचं विचारलंत म्हणून: लहान मुलांसाठी सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग आणि छोट्या गाड्या असलेली मैदानं असतात, तिथे खुशाल न्या. नियम कळतात, मजा येते. रागाबद्दल तिथे काही मिळेल असं धरू नका. मुलीच्या वयासाठी बंद ट्रॅकवर गाडी हातात देणारे वर्ग कोणी सुचवले तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: घसरलेली गाडी सावरायला शिकवता, की ती घसरू नये म्हणून कुठे थांबायचं ते? पहिलं उत्तर आलं तर तिचं नाव घालू नका. दुसरं आलं तरी वर्षभर थांबा, तोवर ती सायकलवर काय करते ते बघा.